डांबरी रस्ता आणि टेकडीची वाट: दोन्हीकडे चालतील असे परवडणारे रनिंग शूज

आपल्याकडे रोज पळणाऱ्या माणसाच्या वाट्याला निव्वळ रस्ता क्वचितच येतो. कोथरूडहून निघालेला माणूस डांबरी रस्त्याने वेताळ टेकडी गाठतो, मुरमाच्या वाटेवर पळतो आणि सिमेंटच्या रस्त्याने घरी परततो. नागपुरात सेमिनरी हिल्स, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा परिसर, कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा सडा, गावाकडे कालव्याचा बांध, सगळीकडे हीच सरमिसळ. दुकानात मात्र मांडणी दोनच प्रकारची असते: रोड, म्हणजे पक्क्या रस्त्यासाठी, आणि ट्रेल, म्हणजे मातीच्या वाटेसाठी. दोन्ही घ्यायचे तर खर्च दुप्पट होतो, आणि दुसरी जोडी बहुतेकदा कपाटातच राहते.

सोप्या वाटांवर पळणाऱ्याला नीट निवडलेली एकच जोडी पुरते, असं माझं ठाम मत आहे. हातात पैसे मोजके असतील तर ते बुटाच्या तळावर आणि अचूक मापावर खर्च करावेत. बाकीच्या बऱ्याच गोष्टींवाचून अडत नाही.

आधी आपला मार्ग पाहा

बूट बघायला जाण्यापूर्वी एक आठवडा आपण नेमकं कशावर पळतो याची नोंद ठेवा. डांबर आणि सिमेंट किती, पेव्हर ब्लॉक किती, मुरूम किती, माती किती, चढ-उतार किती. मोबाइलवरच्या नकाशात हे सहज मोजता येतं.

पाऊण अंतर पक्क्या रस्त्यावर असेल तर खास ट्रेलचा बूट घेऊ नका. तळाला भरपूर रबर असलेला साधा रोड शू कोरड्या टेकडीवर व्यवस्थित चालतो. रस्ता आणि माती निम्मी-निम्मी असेल तर दोन्हींच्या मधला, बाजारात ‘हायब्रिड’ किंवा ‘रोड टू ट्रेल’ म्हणून विकला जाणारा प्रकार तुमच्यासाठी आहे. चारातले तीन हिस्से माती असेल आणि पावसाळ्यातही तुम्ही टेकडी सोडत नसाल, तर तळावर कमी उंचीचे रबरी उंचवटे असलेला ट्रेल शू घ्या आणि रस्त्यावर तो जरा लवकर झिजेल हे धरून चाला.

सोपी वाट म्हणजे मुरमाची रुंद पायवाट, बैलगाडीची वाट, बांध, मळलेला जंगलरस्ता. राजगड किंवा हरिश्चंद्रगडाची चढाई यात धरलेली नाही. तिथे पकड आणि पायाचं संरक्षण यांचा हिशोबच वेगळा असतो, आणि त्या कामाला हे बूट वापरू नयेत.

बूट उलटा करा

दुकानात बूट हातात आला की आपण रंग बघतो, कंपनी बघतो आणि वजनाचा अंदाज घेतो. त्याऐवजी तो आधी उलटा करा. मिश्र मार्गासाठी सगळ्यात जास्त माहिती तळाशीच असते.

पहिली गोष्ट लग्जची, म्हणजे तळावरच्या रबरी उंचवट्यांची. रोड शूला ते जवळपास नसतात, एक-दोन मिलिमीटरच्या खाचा असतात. हायब्रिडमध्ये उंची साधारण अडीच ते साडेतीन मिलिमीटर असते, ट्रेल शूमध्ये चार-पाच, आणि चिखलासाठी बनवलेल्या बुटात सहा किंवा त्याहून जास्त. आपल्या मिश्र मार्गाला ३ मिलिमीटरच्या आसपासची उंची उत्तम. पाच मिलिमीटरचे लग्ज डांबरावर पायाला टोचल्यासारखे जाणवतात आणि त्यांची टोकं भराभर झिजतात. शिवाय गुळगुळीत ओल्या पृष्ठभागावर त्यांचा फक्त माथाच टेकतो. जमिनीला लागणारं रबर कमी झालं की पकडही कमी होते. म्हणूनच ओल्या पेव्हर ब्लॉकवर दणकट दिसणारा ट्रेल शू साध्या रोड शूपेक्षा जास्त घसरू शकतो.

लग्जची मांडणीही पाहा. ते एकमेकांना फार चिकटून असतील तर पावसाळ्यात काळी माती मध्ये अडकून बसते आणि शंभर पावलांत तळ सपाट होतो. फार विरळ असतील तर रस्त्यावर धक्के जाणवतात. पुढच्या भागातले लग्ज चढताना माती मागे ढकलतील अशा दिशेने आणि टाचेकडचे त्याच्या उलट, उतारावर अडवतील अशा दिशेने असले तर उत्तम.

दुसरी गोष्ट रबर किती जागेवर आहे. स्वस्त रोड शूमध्ये टाचेला आणि चवड्याखाली रबराचे दोन-तीन तुकडे चिकटवलेले असतात आणि मधला फोम उघडाच राहतो. डांबरावर हे चालून जातं. मुरूम मात्र उघडा फोम कुरतडतो आणि त्यात बारीक खडे रुततात. तळाच्या मधोमध खोल पन्हळ असेल तर तिच्यात हरभऱ्याएवढे खडे अडकतात आणि रस्त्यावर आल्यावर प्रत्येक पावलाला वाजत राहतात. मिश्र मार्गासाठी तळाचा बहुतेक भाग रबराने झाकलेला आणि मधली पन्हळ उथळ असलेला बूट निवडा.

तिसरी गोष्ट रबराचा मऊपणा. आपल्याकडे घात करतो तो ओला दगड. दख्खनचा काळा बेसाल्ट पावसाने गुळगुळीत होतो, सावलीतल्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि तिथे लग्जच्या उंचीपेक्षा रबराच्या जातीला महत्त्व येतं. प्लॅस्टिकसारखं कडक, चकचकीत रबर ओल्या दगडावर सरकतं. अंगठ्याचं नख रबरात दाबून पाहा. किंचित रुतून परत वर आलं तर बरं, अजिबात रुतलं नाही तर पावसाळ्यात त्यावर विसंबू नका. तळहात रबरावर दाबून सरकवून पाहा, चांगलं रबर हाताला धरतं. व्हायब्रम, कॉन्टिनेंटल अशा नावाजलेल्या रबराच्या जोड्या महाग असतात आणि सोप्या वाटेसाठी त्या आवश्यक नाहीत. शेवाळावर तर कोणतंच रबर भरवशाचं नाही. तिथे पळणं थांबवून चालावं, एवढाच उपाय आहे.

उन्हाळ्यातली घसरण वेगळी असते. कडक जमिनीवर सुटे मुरमाचे खडे पसरलेले असतात, पाय पडला की ते गोट्यांसारखे फिरतात. बुटाचा उपयोग तिथे अर्धाच. उतारावर पावलं छोटी ठेवणं आणि टाच पुढे न रोवणं यानेच माणूस सावरतो. कितीही महाग बूट घेतला तरी हे शिकावंच लागतं.

फोम, उंची आणि ड्रॉप

परवडणाऱ्या बहुतेक बुटांत ईव्हीए नावाचा फोम असतो. स्पर्धेच्या महागड्या बुटांतला नवा फोम हलका आणि उसळता असतो, पण मऊही असतो आणि खडबडीत वाटेवर पाय डुगडुगतो. त्यामुळे आपल्या कामासाठी साधा, जरा घट्ट ईव्हीए हा कमीपणा समजू नका. त्याने पाऊल स्थिर पडतं. तळाशी कार्बन प्लेट, म्हणजे कार्बनची ताठ पट्टी असलेला बूट टेकडीसाठी घेऊच नका.

टाचेखालची उंची साधारण २५ ते ३२ मिलिमीटर असली की डांबरावर पुरेसा आधार मिळतो आणि मातीवर जमीनही कळते. त्याहून उंच बूट घ्यायचा असेल तर तळ वरच्या भागापेक्षा रुंद आहे ना, हे मागून पाहा. उंच आणि अरुंद बुटात घोटा मुरगळायला एक खडा पुरतो.

ड्रॉप म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक. शून्य ते बारा मिलिमीटर असे सगळे प्रकार मिळतात. आजवर १० मिलिमीटरच्या आसपासचे बूट वापरले असतील तर एकदम शून्यावर येऊ नका. पोटऱ्या आणि टाचेमागचा स्नायुबंध यांच्यावर अचानक ताण येतो. ६ ते १० मधला ड्रॉप बहुतेकांना मानवतो.

दगडापासून वाचवणारी ताठ पट्टी, म्हणजे रॉक प्लेट, सोप्या वाटेला लागत नाही. पुरेसा फोम तेच काम करतो. वजनाचीही फार चिंता नको. प्रत्येक बुटामागे १०० ग्रॅम वाढले तर पळायला लागणारी ऊर्जा सुमारे १ टक्क्याने वाढते. सकाळच्या निवांत पळण्यात ते जाणवणारही नाही.

वरचं कापड

आपल्या हवेत जाळीदार कापडच बरं. पण जाळी फार मोकळी असेल तर दिवाळीनंतर, टेकडीवरचं गवत वाळलं की कुसळं आत शिरतात. ती मोज्यातून थेट पायाला टोचतात आणि एकेक उपटून काढावी लागतात. दाट विणीची, पातळ जाळी निवडा. मऊ, मोज्यासारखं विणलेलं कापड कुसळांना सगळ्यात जास्त धरतं.

पुढे बोटांवर रबराची किंवा जाड थराची पट्टी हवी, दगडाला ठेच लागते तेव्हा ती उपयोगी पडते. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली असेल तर खडे आत येत नाहीत. हे नसलं तरी चालेल, असलं तर दोन बुटांत झुकतं माप त्याला द्या.

वॉटरप्रूफ बुटासाठी जादा पैसे मोजू नका. आपला पाऊस घोट्यावरून आत शिरतो, आणि वॉटरप्रूफ बुटात शिरलेलं पाणी बाहेरही जात नाही. पाऊस नसेल तेव्हा त्यात पाय घामाने भिजतो. भिजून लवकर निथळणारा बूट आपल्याकडे कधीही चांगला.

मापात घाई नको

पळताना होणाऱ्या त्रासांपैकी काळी पडलेली नखं, फोड आणि करंगळीची कड सोलणं यांचं मूळ बहुतेक वेळा मापात असतं. लोक ऑफिसच्या बुटाचा नंबर सांगून मोकळे होतात, आणि तिथेच गोष्ट बिघडते.

संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. जमिनीवर कागद ठेवून टाच भिंतीला लावा, पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि सगळ्यात पुढे येणाऱ्या बोटाच्या टोकाशी दुसऱ्या कोणाकडून खूण करून घ्या. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, तेव्हा अंगठाच धरून बसू नका. दोन्ही पाय मोजा आणि मोठा पाय प्रमाण माना. चवड्याच्या सर्वात रुंद भागाचीही नोंद घ्या.

या लांबीत साधारण एक सेंटिमीटर मोकळी जागा मिळवा. उतारावर पाय पुढे सरकतो, म्हणून टेकडीवर जाणाऱ्याने या जागेत काटकसर करू नये. यूके आणि यूएस पद्धतीत एका पूर्ण नंबरचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर असतो, अर्ध्या नंबरचा सव्वाचार. म्हणजे अर्धा नंबर वाढवला की बहुतेकांची अडचण सुटते. जिभेच्या आतल्या लेबलवर यूके, यूएस, युरोपियन आणि सेंटिमीटर अशी मापं छापलेली असतात. कंपनी बदलली की त्यातल्या सेंटिमीटरच्या आकड्यावरून तुलना करा. स्त्रियांनी यूएस नंबर पाहताना जास्त सावध राहावं, कारण त्यात पुरुषांचे आणि स्त्रियांचे आकडे वेगळे चालतात. चवडा रुंद असलेल्या स्त्रियांनी पुरुषांच्या विभागातली त्याच सेंटिमीटरची जोडीही घालून पाहावी. टाच सैल पडत नसेल तर ती खुशाल घ्यावी.

रुंदीचा प्रश्न आपला सगळ्यांचाच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय सरासरीने जास्त रुंद असतात, असं त्यातून दिसलं, आणि त्यावरून ‘भा’ ही भारतीय मापपद्धत सुचवली गेली. बाजारातले बहुतेक रनिंग शूज मात्र अजून परदेशी साच्यांवरच बेतलेले असतात. रुंदी कमी पडली की लोक लांबी वाढवतात. मग टाच सैल होते आणि उतारावर पाय पुढे आपटतो. अशा वेळी २ई किंवा ४ई असं लिहिलेली रुंद जोडी मागा, नाहीतर दुसऱ्या कंपनीकडे वळा.

ओल्या पायाचा ठसा काढून ‘सपाट पाय’, ‘उंच कमान’ असे प्रकार ठरवायचे आणि त्याप्रमाणे बूट द्यायचा, ही पद्धत अजूनही चालू आहे. अमेरिकन सैन्यातल्या नवभरती जवानांवर झालेले मोठे अभ्यास २००९-१० मध्ये प्रसिद्ध झाले. कमानीच्या आकारानुसार बूट दिलेल्यांच्या आणि सगळ्यांना एकच प्रकारचा बूट दिलेल्यांच्या दुखापतींत त्यात विशेष फरक दिसला नाही. तेव्हा दुकानात कोणी या चाचणीवरून महाग बूट गळ्यात मारत असेल तर नम्रपणे नकार द्या. पायाला जुनं दुखणं किंवा मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरांचा किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यायलाच हवा.

पैसे कुठे घालायचे

परवडणारा म्हणजे किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. तरी साधारण चित्र असं आहे. अडीच हजारांच्या आत डेकॅथलॉनसारख्या दुकानांत स्वतःच्या ब्रँडचे आणि काही भारतीय कंपन्यांचे साधे रनिंग शूज मिळतात. आठवड्याला पंधरा-वीस किलोमीटर पळणाऱ्याला ते पुरतात, फक्त तळाचं रबर नीट तपासायचं. अडीच ते पाच हजारांत खरी निवड सुरू होते. आसिक्सची जेल-व्हेंचर मालिका, आदिदासचा टेरेक्स ट्रेसरॉकर, डेकॅथलॉनचे ट्रेल शूज अशा जोड्या सेलमध्ये या टप्प्यात किंवा त्याच्या जरा वर सापडतात. पाच ते आठ हजारांत नामांकित कंपन्यांची मागच्या वर्षीची मॉडेल्स येतात, आणि माझ्या मते रोज पळणाऱ्याने थांबून बघावं ते इथेच. नवी आवृत्ती आली की जुनीची किंमत खाली येते, आणि बदल बऱ्याचदा रंग आणि कापड यांपुरतेच असतात.

कराकडेही लक्ष द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरच्या जोडीवर १८ टक्के आहे. या सीमेच्या किंचित आतल्या आणि किंचित बाहेरच्या जोडीत निव्वळ करापोटी सुमारे तीनशे रुपयांचा फरक पडतो.

तुलना किमतीची न करता किलोमीटरची करा. रनिंग शू साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. तीन हजारांची जोडी ५०० किलोमीटर गेली तर किलोमीटरला सहा रुपये पडले. सहा हजारांची ८०० गेली तर साडेसात. महाग जोडी टिकाऊपणामुळे आपोआप स्वस्त पडते, असं नाही.

पहाटे डांबरी रस्त्यावर आणि शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली गावोगावी दिसतात. १६०० आणि ८०० मीटरसाठी झटणाऱ्या या मुलांच्या पायात पुष्कळदा ‘फर्स्ट कॉपी’ असते, मोठ्या कंपनीचं चिन्ह लावलेली. मला याचं फार वाईट वाटतं. त्या बुटाचा फोम काही आठवड्यांत बसतो, चिकटवलेला तळ सुटतो आणि नडगीचं दुखणं नेमकं भरतीच्या तोंडावर उपटतं. त्याच पैशात साध्या नावाची, पण अस्सल जोडी मिळते. ती घ्या.

फार जुना साठाही टाळा. अनेक बुटांच्या जिभेच्या लेबलवर किंवा खोक्यावर बनवल्याचा महिना असतो. किनारपट्टीच्या दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बुटाचा गोंद सुटतो आणि फोमही कडक होतो. पन्नास टक्के सवलतीमागे कधीकधी हेच कारण असतं.

दुकानातली परीक्षा

पळताना घालता तेच मोजे घेऊन जा. बूट घालण्यापूर्वी तो दोन्ही हातांनी वाकवा: चवड्यापाशी वाकला तर योग्य, मधोमध दुमडला तर ठेवून द्या. ओला टॉवेल पिळावा तसा तो पिळून पाहा. थोडा विरोध हवा. सहज पिळला जात असेल तर असमान जमिनीवर पायाला आधार मिळणार नाही. टाचेचा कप बोटांनी दाबा, तो आत कोसळता कामा नये.

मग दोन्ही बूट घाला आणि उभे राहा. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याची रुंदी बसायला हवी. बोटं आत पसरता आली पाहिजेत. दुकानात रॅम्प किंवा जिना असतोच. चार-पाच वेळा झपझप खाली उतरा. बोटं पुढे आपटली तर अर्धा नंबर वाढवा. टाच वर उचलली जात असेल तर आधी नाडी बदलून पाहा: सगळ्यात वरच्या जादा भोकातून नाडीचा छोटा फासा करा, समोरचं टोक त्यातून ओवा आणि ओढून बांधा. टाच जागेवर बसते आणि उतारावर पाय सरकत नाही. तरीही टाच हलली तर ती जोडी तुमची नाही.

थोडं पळूनही पाहा, दुकानदाराला संकोच वाटला तरी. ‘वापरला की सैल होईल’ यावर विश्वास ठेवू नका. कापड जरासं सैल होतं, पण अरुंद साचा रुंद होत नाही. जी जोडी पहिल्या मिनिटापासून बरी वाटते तीच घ्या.

ऑनलाइन मागवली असेल तर घरात चटईवर घालून हेच सगळं करा, लेबल काढू नका, आणि परत घेण्याची मुदत मागवण्यापूर्वीच वाचा.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात छोटी अंतरं, आधी रस्ता, मग माती. जुनी जोडी लगेच फेकू नका, दोन्ही आलटूनपालटून वापरल्या तर पायावरचा ताण थोडा बदलत राहतो आणि पावसाळ्यात एक जोडी वाळेपर्यंत दुसरी हाताशी असते. सुती मोजे ओलावा धरून ठेवतात आणि फोड आणतात. सिंथेटिक मोजे घ्या, दोन-तीन जोड्यांचा खर्च वसूल होतो.

भिजलेला बूट घरी आल्यावर आतला इनसोल काढा, नाडी सैल करा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. पंख्याखाली, सावलीत वाळवा. कडक उन्हात, गिझरजवळ किंवा वॉशिंग मशिनमध्ये गोंद आणि फोम दोन्ही खराब होतात. लग्जमधली काळी माती वाळण्याआधी जुन्या टूथब्रशने काढा, वाळल्यावर ती निघता निघत नाही.

पळण्याच्या अ‍ॅपमध्ये बुटाचे किलोमीटर नोंदवता येतात. ५०० नंतर दर पंधरवड्याला तळ पाहा. टाचेच्या बाहेरच्या कडेला रबर संपून फोम दिसत असेल, टेबलावर ठेवलेला बूट एका बाजूला कलत असेल, किंवा गुडघा आणि नडगी कारण नसताना कुरकुरायला लागली असेल, तर बदलायची वेळ झाली. लग्ज निम्मे झिजले की ती जोडी टेकडीवरून काढून फक्त कोरड्या रस्त्यावर वापरा. तिथे ती आणखी शंभरेक किलोमीटर तरी साथ देते, आणि तेवढ्या काळात पुढच्या जोडीसाठी सेलची वाट पाहता येते.